पूजेत मांडलेला पाय

बारामती-इंदापूर रस्त्याला सिमेंटच्या नळ्यांचं एक यार्ड आहे. मोरीला घालतात ते मोठे नळे, माणूस वाकून आरपार जाईल एवढे. त्या यार्डाच्या गेटासमोर, रस्ता ओलांडला की बरोब्बर समोर, माझं पंक्चरचं दुकान. जागा मी मुद्दाम तिथं घेतली. कळंबच्या फाट्यावर याहून बरी जागा मिळत होती. सावली होती, पाण्याची सोय होती, शेजारी चहाची टपरी होती. ते सगळं सोडून मी या तापलेल्या पत्र्याखाली येऊन बसलो, कारण इथं बसलं की यार्डाच्या मालकाला येता-जाता माझं तोंड दिसतं. सकाळी त्याची गाडी गेटात वळायला लागली की मी हातातली ट्यूब खाली ठेवतो, उभा राहतो आणि हात जोडून नमस्कार करतो. रोज. तो काच वर करतो. मग मी खाली बसतो आणि माझा दिवस चांगला सुरू होतो.

बायको म्हणते, "दुकान टाकलंय का पाळत ठिवलीया?"

मी म्हणतो, "दोनी."

झालं गेलं विसरून जावं असं मला पुष्कळ जणांनी सांगितलं आहे. सांगणाऱ्या प्रत्येकाच्या पायांकडं मी आधी बघतो. दोन्ही जागेवर असतात. माझा डावा गुडघ्याखाली नाही.

त्या यार्डात मी आठ वर्षं काम केलं. तिथल्या जुन्या माणसांना ओळखायला तोंड बघावं लागत नाही, हात-पाय बघितले तरी चालतं. कुणाचं बोट साखळीत गेलेलं, कुणाच्या अंगठ्याचं नख कायमचं काळं, कुणाची कंबर अशी धरलेली की लघवीला बसतानाही तोंडातून आवाज निघतो. हायड्रा चालवणारे तात्या होते, म्हणजे नळे उचलायची ती क्रेनची गाडी, त्यांच्या उजव्या हाताला साडेतीनच बोटं. आम्ही त्यांना चिडवायचो, "तात्या, चहा किती सांगू? बोटं दावू नका, तोंडानं सांगा." ते हसायचे. जड मालाशी खेळ म्हटल्यावर एवढं तेवढं व्हायचंच, असं आम्हीच एकमेकांना सांगायचो. मालकाला सांगायची गरजच पडायची नाही. आज त्याचाही राग येतो.

माझं काम रचाईचं. खाली नळ्यांची एक ओळ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. सगळा ढीग तोललेला असतो तो खालच्या ओळीच्या दोन टोकांना लावलेल्या लाकडी ठोकळ्यांवर. ठोकळा पाचरीसारखा असतो, एका बाजूनं उतरता, नळ्याखाली ठोकून बसवायचा. यार्डातले सगळे ठोकळे मी केलेले. बाभळीचं लाकूड मी स्वतः निवडून आणायचो, स्वतः तासायचो. मालक म्हणायचा, आंब्याचं आण, स्वस्त पडतं. मी म्हणायचो, आंबा भिजला की दगा देतो.

आता माझी चूक सांगतो. ती लपवून ही गोष्ट सांगता येणार नाही.

आमच्या घरात आज्यापर्यंत मेंढरं होती. मेंढरं गेली, थोडी जमीन आली, आम्ही मिळेल त्या कामाला लागलो. पण आज्याची लोकर कातरायची कातर अजून घरात आहे. खंडेनवमीला ती घासून पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. हत्यारांचा तो दिवस. पूजेत मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ते दसऱ्याला सकाळीच हलवायचं. मेंढरू एक नसताना आमचा बाप त्या कातरीला त्या दिवशी हात लावू द्यायचा नाही.

यार्डातही खंडेनवमी जोरात व्हायची. ऑफिससमोरच्या ओट्यावर साखळ्या, पट्टे, पहारी, नट आवळायचे पाने मांडायचे. हायड्राला हार, चाकाखाली लिंबू, पुढं नारळ. पहिल्या वर्षी मी बघितलं की सगळ्यांची पूजा झाली, ठोकळ्यांची नाही. मला ते खटकलं. सगळा ढीग ज्याच्यावर उभा आहे ते हत्यार नाही का? दुसऱ्या वर्षापासून मी खंडेनवमीला सकाळी टोकाच्या ढिगाचे चार ठोकळे काढायचो, धुऊन ओट्यावर मांडायचो आणि त्यांच्या जागी एक दिवसापुरत्या विटा लावायचो. लोक आधी हसले, मग त्यांनाही पटलं. त्या दिवशी ढिगाला कुणी हातच लावत नाही, मग विटांना काय होतंय? सहा वर्षं काही झालं नाही.

सातव्या वर्षी पूजा झाली, पेढे वाटून झाले, आम्ही ओट्याच्या सावलीत बसलो होतो. तेवढ्यात कालव्याच्या कामावरची गाडी आली. मालक म्हणाला, "एकच गाडी भरा. देव काय रागवत न्हाय."

मी म्हणालो, "मालक, ठोकळं पूजेत हायेत. ढिगाखाली नुसत्या इटा हायेत."

"मग इटा हायेत की! एका गाडीला काय हुतंय?"

तात्यांनी हायड्राच्या हाराला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी सुरू केली. ओट्यावर माझे चार ठोकळे होते, ओले, कुंकू लावलेले. चार पावलं गेलो असतो, उचलले असते, तर आज हे लिहायला बसलो नसतो. माझा हात पुढं झाला नाही. हायड्रा मालकाची होती, तिचा दिवस त्यानं मोडला. ठोकळे माझे होते, त्यांचा मी मोडला नाही.

वरच्या ओळीतला पहिला नळा नीट निघाला. दुसऱ्याला पट्टा घालायला मी ढिगाच्या अंगाला गेलो. वीट फुटल्याचा आवाज आला, बारीकसा, पापड मोडल्यासारखा. टोकाचा नळा सरकला आणि त्याच्या वरचा घरंगळत आला. मी उडी मारली. उजवा पाय उडीत आला, डावा राहिला.

त्यानंतरचं फार आठवत नाही. एवढं आठवतं की सगळे माझ्या अंगावरचा नळा रेटत होते. तात्या रडत रडत हायड्राचा हूक खाली सोडत होते, पेढ्याचा पुडा लोकांच्या पायाखाली तुडवला जात होता. आणि मालक ऑफिसच्या दारात फोन कानाला लावून उभा होता. तो पुढं आला नाही.

बारामतीच्या दवाखान्यात मात्र तो माझ्या आधी पोहोचला. मी शुद्धीवर नव्हतो. बायको घाबरून गेलेली, तिच्यापुढं त्यानं कागद धरला. "लवकर सही कर, डॉक्टर थांबल्यात." तिनं केली. कागदावर लिहिलं होतं, घरी ट्रॅक्टरची ट्रॉली अंगावर येऊन अपघात. आमच्या घरात आजवर ट्रॅक्टर आला नाही. ट्रॉली कुठनं येणार? नळ्याखाली चेंगरलेला पाय कापला गेला आणि कागदावर तो कुणाच्या तरी ट्रॉलीखाली गेला. पोलिसांनीही तेच उतरून घेतलं. यार्डात काही घडलंच नव्हतं.

घरी आल्यावर मालकानं डाळिंबाचं एक खोकं पाठवलं. त्याच्याच बागेतली, चांगली लालबुंद. बायकोनं त्यातलं एकही पोरांना दिलं नाही. अंगणात ओतली आणि शेळ्या सोडल्या. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्यावर मी इतका खूश कधीच झालो नव्हतो.

तीन महिन्यांनी कुबड्या घेऊन मी यार्डात गेलो. मला मालकाकडून एकच गोष्ट पाहिजे होती. मी म्हणालो, "हितं झालं, एवढंच चार माणसांत म्हना. ट्रॉली न्हाय, हितं झालं. गाडी तुमी भरायला लावली म्हना."

तो खुर्चीत रेलून बसला होता. म्हणाला, "ठोकळं कुनी काढलं व्हतं?"

"मी."

"मग?"

गेटाबाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून ढसाढसा रडलो. पायासाठी दवाखान्यातही इतका रडलो नव्हतो. माझीच चूक माझ्या तोंडावर फेकून तो मोकळा झाला होता. त्या जागेवरच मी ठरवलं की हा माणूस चार लोकांत, स्वतःच्या तोंडानं, खरं बोलेपर्यंत मी त्याच्यासमोरून हलणार नाही. तेव्हा समोरचा पत्र्याचा गाळा रिकामा होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

चार वर्षं मी त्याचं वाईट चिंतत बसलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्याच्या डाळिंबाला तेल्या रोग पडला तेव्हा मी बायकोला शिरा करायला सांगितला. त्याची गाडी पावसात गेटापाशी रुतली तेव्हा मी दुकानातली खुर्ची पुढं ओढून बसलो. त्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं तर काय करायचं, हेही मी ठरवून ठेवलं होतं. तो एकदाही आला नाही. इंदापूरपर्यंत तसाच फटफटत जाईल, पण माझ्याकडं येणार नाही.

मधल्या काळात पुण्याच्या एका शिबिरात मला पाय मिळाला. फिक्कट रंगाचा, चामड्याच्या पट्ट्यांचा. आधी टोचायचा, मग सवय झाली. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बायको दुकानातली हत्यारं घासायला घरी घेऊन गेली. सकाळी मी उठून बघतो तर पाटावर आज्याची कातर, माझे पाने, हवेचा पंप, आणि त्यांच्या शेजारी माझा पाय. धुऊन पुसून, आडवा. कुंकवाची वाटी घेऊन ती बसली होती.

मी म्हणालो, "अगं, ह्यो कशाला?"

"का? ह्याच्यावर उभं ऱ्हाऊनच काम करता न्हवं? मग हत्यारच की ह्ये."

ती सरळ मनानं बोलली होती. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. मी म्हणालो, "कुकू लावू नगंस. ह्याची पूजा हितं करायची न्हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी कुठं निघालोय ते तिला कळलं. पाय तिनंच माझ्यापुढं ठेवला आणि पदरानं परत एकदा पुसला.

खंडेनवमीला यार्डात कुणीही यावं, पेढा घ्यावा, अशी तिथली पद्धत. जुन्या कामगाराला त्या दिवशी गेटावर कुणी अडवत नाही. मी पाय चढवून, एक कुबडी काखेत मारून गेलो. ओट्यावर सगळं मांडलेलं होतं. मालक होता, त्याची बायको ताम्हण घेऊन उभी होती, आणि नव्यानंच सोयरीक झालेला त्याचा व्याही पांढऱ्या टोपीत मानानं बसला होता. मला बघून मालक व्याह्याला हळूच म्हणाला, "जुना मानूस हाय. घरी ट्रॉली आली बिचाऱ्याच्या अंगावर."

मी ऐकलं. बरंच झालं.

मी ओट्याच्या कडेला बसलो. धोतर वर घेतलं, एक पट्टा सोडला, दुसरा सोडला, पाय काढला आणि साखळी आणि पहार यांच्या मधोमध मांडला. कुबडीवर उभा राहिलो आणि म्हणालो, "वैनी, कुकू लावा."

मालक म्हणाला, "ह्ये काय नवीन?"

"हत्यार हाय, मालक. तुमच्याच यार्डातलं."

त्या बाईनं मालकाकडं बघितलं. पण पूजेच्या ओट्यावर आलेल्या वस्तूला ती नाही कशी म्हणणार? तिनं पायाच्या घोट्याला हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. आणि मग आरती सगळ्या हत्यारांना ओवाळायची असते. मालकानं आरती ओवाळली. साखळीला, माझ्या पायाला, पहारीला. मी त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. मला इतकं बरं वाटत होतं की पेढासुद्धा नको होता.

एवढ्यावर मी घरी आलो असतो. पण पेढे वाटत असतानाच गेटात एक गाडी येऊन उभी राहिली. नरसिंहपूरकडं कुठंतरी मोरीचं काम अडलं होतं, नळे आजच पाहिजे होते. मालकानं घड्याळ बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "एकच गाडी भरा."

तेच शब्द. माझ्या नसलेल्या पावलातून कळ निघाली, खरंच निघाली.

कुणी जागचं हललं नाही. मालक परत ओरडला. तेव्हा तात्या उठले. मला वाटलं, हा म्हातारा परत हाराला हात लावून गाडी सुरू करणार, आणि क्षणभर मला त्यांचाही राग आला. तात्यांनी खिशातून हायड्राची चावी काढली. ओट्याशी आले, आपल्या साडेतीन बोटांनी ती माझ्या पायाला टेकवून ठेवली आणि तिच्यावर कुंकवाची चिमूट सोडली.

"पूजेत गेली, मालक," ते म्हणाले. "आता उद्या सकाळी."

मालकाचा हात पुढं आला. ओट्यापर्यंत आला. बायको बघत होती, व्याही बघत होता, बारा-पंधरा माणसं बघत होती. हात मागं गेला. चार ओल्या ठोकळ्यांपुढं माझा हात असाच अडला होता. आता कळलं का, असं मला ओरडून विचारावंसं वाटलं.

गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला होता. त्यानं कामावरच्या साहेबाला फोन लावला, थोडं बोलला आणि फोन मालकाच्या हातात दिला. "तुमीच सांगा बाबा. मला शिव्या घालत्यात."

मालक घामाघूम झाला होता. कालव्याच्या कामावरही हाच साहेब होता. तो तिकडून काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं, पण आवाज चढलेला होता. मालक चिडून म्हणाला, "व्हय सायेब, भरली व्हती की तवा कालव्याची गाडी खंडनवमीला! कोन न्हाय म्हनतंय? मीच भरायला लावली. त्यातच एकाचा पाय गेला हितं. म्हनून तर आज एक मानूस हात लावंना झालाय. मी काय करू?"

फोन बंद झाला. ड्रायव्हर गाडीत बसला आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

व्याह्यानं टोपी सारखी केली आणि विचारलं, "तुमी तर ट्रॉली म्हनला व्हता."

मालक उठून ऑफिसात गेला. जे ऐकायला मी चार वर्षं थांबलो, ते त्यानं असं बोलून टाकलं होतं, स्वतःची मान सोडवायला, माझ्याकडं न बघता. पण बोलला होता. चार माणसांत म्हणा म्हणालो होतो, तिथं पंधरा होती.

पाय ओट्यावर ठेवून मी कुबडीवर रस्ता ओलांडला. दुकान त्या दिवशी बंदच होतं. बायको पत्र्याखाली उभी होती. तिला सांगितलं तर ती फक्त म्हणाली, "बसा. दम खावा."

दसऱ्याला सकाळी परत गेलो. त्या यार्डात पूजेतली हत्यारं मालकच उचलतो. आपट्याचं पान आणि ज्याचं हत्यार त्याच्या हातात, अशी रीत. त्यानं साखळी दिली, पट्टे दिले, तात्यांना चावी दिली. शेवटी ओट्यावर एकटा पाय राहिला. घोट्याला सुकलेलं कुंकू, वर कोमेजलेलं फूल. मालक थांबला, मग दोन्ही हातांनी पाय उचलला. तो जड असेल असं त्याला वाटलं असणार, कारण उचलताना त्यानं जोर लावला आणि पाय एकदम वर आला.

"हलका हाय की रं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून सहज निघून गेलं.

"पयला जड व्हता, मालक."

तो पाय पुढं धरून उभा राहिला. मी घेतला नाही. ओट्यावर बसलो आणि धोतर वर केलं. म्हणालो, "बांधा. मला वाकाया जमत न्हाय."

साफ खोटं. रोज सकाळी मीच बांधतो, पोरं उठायच्या आत. पण तो खाली बसला. पाय माझ्या गुडघ्याला लावताना त्याची बोटं तुटल्या जागेला लागली, तिथल्या गुळगुळीत कातडीला, आणि चटका बसावा तशी मागं गेली. त्या दिवशी नळा रेटायला पंधरा माणसांचे हात लागले होते. ह्याचा आज पहिल्यांदा लागत होता.

त्यानं परत हात पुढं केला आणि पट्टा बांधला. उलटा बांधला. मी तो सोडायला लावला आणि परत बांधून घेतला.